पडेन तिथंच मोजा

मी एक जुनी लोखंडी चौकट आहे आणि मला राग आलेला आहे. मित्रांनो, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे माझा आवाज चढला तर दचकू नका. मीटरभर लांब, मीटरभर रुंद, चार सळया आणि आत ताणलेल्या नायलॉनच्या दोऱ्या, एवढाच माझा जीव. सिल्वासातल्या एका मराठी शाळेच्या प्रयोगशाळेत मी राहते. तिथला शिपाई मला खिडकीचा सांगाडा समजतो आणि दोनदा मला भंगारात द्यायला निघाला होता. तो रागही अजून गेलेला नाही.

माझा जन्म कुसुमबाईंच्या संतापातून झाला, तेव्हा स्वभाव कुठून आला ते समजून घ्या. बाई गुहागरकडच्या, नववीला विज्ञान शिकवायच्या. एकदा त्यांनी फळ्यावर परिसंस्था काढली: गवत, नाकतोडा, बेडूक, साप. मग विचारलं, "शाळेमागच्या माळावर काय काय उगवतं?" सगळ्या वर्गाचं उत्तर एकच आलं, "गवत." बाईंनी खडू ठेवून दिला. "गवत हे काय नाव झालं? तुम्हाला कुणी नुसतं 'माणूस' म्हणून हाक मारली तर ओ द्याल का?"

त्या आठवड्यात शाळेचं फाटक दुरुस्त करायला सुकदेव आला होता. मूळचा शहाद्याकडचा, नरोलीच्या एका कारखान्यात वेल्डर, आणि त्याची जया तेव्हा याच शाळेत पहिलीत होती. बाईंनी त्याला कागदावर चौरस काढून दाखवला.

"हे बसवायचं कुठं, बाई?"

"बसवायचं नाही. फेकायचं."

सुकदेवनं कागद उलटासुलटा करून पाहिला. "मंग सळई जाड लावतो. पातळ लावली तं वाकून जाईल ना." अन् त्यानं चारही कोपरे असे पक्के जोडले की आजवर एकही सुटलेला नाही. काम असं करतात. पुढे ज्यांच्याबद्दल सांगणार आहे, त्यांनी हे शिकून घ्यायला हवं होतं.

बाईंचा नियम साधा होता. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात वर्ग माळावर न्यायचा. एकानं माळाकडे पाठ करून मला डोक्यावरून मागे फेकायचं, बाकीच्यांनी त्याच्या समोर उभं राहायचं. मी पडेन तिथं बसून माझ्या आत जेवढ्या जातीची रोपं असतील तेवढी मोजायची, नावं लिहायची. असं वीस वेळा. जागा निवडायची नाही, कारण माणसाचा डोळा लबाड असतो, तो आपसूक हिरव्या जागेकडेच जातो. एकदा मी नेमकी घाणीत पडले. मुलं नाक धरून मागे सरली आणि एकीनं मला हळूच पायानं सरकवलं. बाईंनी तिथूनच दरडावलं, "उचला आणि होती तिथं ठेवा. हात धुता येतात, आकडा धुता येत नाही."

पोरं पहिल्या दिवशी कंटाळली आणि तिसऱ्या दिवशी भांडायला लागली. हा केना की दुसराच कुणी? सुरंगी गावचा चिंधा वसतिगृहात राहायचा, वर्गात कधी तोंड उघडायचा नाही. तो माझ्याजवळ उकिडवा बसला आणि म्हणाला, "बाई, हा कुर्डू. आमच्यात भाजी करतात याची." त्या दिवशी त्यानं अकरा नावं सांगितली आणि बाईंनी त्याच्याकडून ती लिहून घेतली. त्यांना स्वतःला त्यातली सहा माहीत नव्हती आणि तसं त्यांनी वर्गासमोर कबूल केलं. शिकवणं म्हणतात ते हे. मला तेव्हा फार बरं वाटलं होतं.

पहिल्या वर्षी वीस फेकींत एकतीस जाती मिळाल्या. मग एकोणतीस, सव्वीस, बावीस, अठरा. माळाच्या कडेला कुणाचे तरी डंपर येऊन राडारोडा ओतायला लागले होते. मध्ये साथीमुळे शाळा बंद होती त्या वर्षीसुद्धा बाई एकट्या आल्या, तोंडाला रुमाल बांधून त्यांनी मला वीस वेळा फेकलं आणि वीस वेळा आणलं. सहाव्या वर्षी आकडा चौदा आला. बाईंनी तो वहीत लिहिला, त्याखाली रेघ मारली आणि पुढच्या उन्हाळ्यात त्यांची बदली दमणला झाली.

त्यांच्या जागी प्रसाद सर आले, डोंबिवलीचे. माणूस वाईट नव्हता. मुलांवर ओरडायचे नाहीत, आकृत्या सुरेख काढायचे. पण माळावर जायचं म्हटलं की त्यांना चिखल दिसायचा, साप दिसायचे, संपवायचा राहिलेला पोर्शन दिसायचा. मला कपाटामागे सारलं. आणि सप्टेंबर आला तेव्हा सरांनी टेबलावर बाईंची वही उघडली, बाजूला चहाचा कप ठेवला आणि लिहिलं, एकोणीस. कपाटामागून मी हे या डोळ्यांनी पाहिलं. मला डोळे नाहीत, पण राग आला की दिसतं सगळं.

एकोणीसच का? चौदाच्या खाली लिहिलं तर वरून कुणी विचारील, शाळेत पर्यावरणाचं काय चाललंय म्हणून. म्हणून सरांनी पाच वाढवले. पुढच्या वर्षी चोवीस. वाचणाऱ्याला बरं वाटावं, एवढाच हेतू. अर्धा माळ विटांच्या तुकड्यांखाली गाडला गेलेला आणि वहीत मात्र नव्या जाती उगवतायत, तेही चहाच्या कपाशेजारी. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

यंदा सुकदेवची जया नववीत आली. लहान होती तेव्हा फाटकाशी उभी राहून ती बाईंच्या वर्गाच्या फेकी बघायची. माळाच्या एका कोपऱ्यात अजून हिरवळ शिल्लक होती आणि डंपर आता तिकडेच वळायला लागले होते. जयानं वर्गाच्या सह्या गोळा केल्या आणि नगरपालिकेला अर्ज लिहिला: आमच्या माळावर राडारोडा टाकणं थांबवा, झाडं मरतायत, शाळेकडे आठ वर्षांची नोंद आहे. वही आत काय बोलते हे तिला ठाऊक नव्हतं. सरांना ठाऊक होतं. त्यांनी अर्ज वाचला, "छान लिहिलंय" म्हणाले आणि जाऊ दिला. तेव्हाच तोंड उघडायला काय झालं होतं?

अर्जावरून एक साहेब खरोखरच आले. मराठी बोलणारे, घाईत असलेले. प्रयोगशाळेत उभ्या उभ्याच त्यांनी वही चाळली.

"इथं तर वाढतंय," ते म्हणाले. "चौदाचे चोवीस झालेत. मग तक्रार कसली, बाळा?"

जयानं वहीत डोकावून पाहिलं, मग सरांकडे पाहिलं. सर खिडकीबाहेर बघत होते. कपाटामागे हात घालून तिनं मला ओढून काढलं, कोळ्याची जाळी तिच्या बाहीला लागली, आणि म्हणाली, "साहेब, पाच मिनिटं माळावर चला. फेकून बघू."

पहिल्या फेकीला मी विटांवर आपटले. शून्य. दुसऱ्या फेकीला गाजरगवत, बाकी काही नाही. साहेब घड्याळ बघत होते, तरी थांबले, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. वीस फेकी झाल्या. जयानं बोटांवर मोजलेल्या जाती पुन्हा मोजल्या. नऊ.

"नऊ खरे की चोवीस?" साहेबांनी सरांना विचारलं.

सरांचा चेहरा उतरला होता. "नऊ," ते म्हणाले. "गेली दोन वर्षं मी टेबलाशी बसून लिहिली."

मला वाटलं, चला, सुटलो. कसलं काय. साहेबांनी वही मिटून सरांच्या हातात दिली. "दोन वर्षं खोटी असतील तर आधीची सहा खरी कशावरून? यावर मी काय शेरा मारू? आजचे नऊ म्हणजे फक्त आजचे नऊ. आधी किती होते याला आता पुरावा नाही." आणि ते जीपमध्ये बसून गेले.

मित्रांनो, माझा राग इथं आहे. डंपरनं माळ गाडला, पण बाईंची सहा वर्षं, चिंधाची अकरा नावं, रुमाल बांधून एकटीनं केलेल्या वीस फेकी, हे सगळं गाडलं ते एका सज्जन माणसानं, पेनानं, कुणाला वाईट वाटू नये म्हणून. मला तेल लावू नका, रंग देऊ नका, भिंतीवर टांगून माझ्याभोवती हार तर मुळीच घालू नका. मला वापरा. कमी आलं तर कमी लिहा. शून्य आलं तर शून्य लिहा.

साहेब गेल्यावर वर्ग तिथंच उभा होता. आणखी एक डंपर फाट्यावरून माळाकडे वळत होता. सर पुढे आले, वाकून त्यांनी मला उचललं आणि खिशातून पेन काढलं. "नवी वही करू या," ते म्हणाले. "मी लिहितो आजची नोंद."

जयानं त्यांच्या हातातलं पेन काढून घेतलं. आवाज चढवला नाही, उद्धटपणाही केला नाही.

"सर, पुन्हा फेका आणि तुम्ही मोजा," ती म्हणाली. "लिहिणार मी."

आणि मी पडले तिथं प्रसाद सर आयुष्यात पहिल्यांदा माझ्याजवळ गुडघे टेकून बसले.