बिननावाचे अठ्ठेचाळीस

मुर्री गावात काल्याचं कीर्तन असं रंगलं, की दहीहंडी फुटली तरी टाळ थांबेनात. मग पंगत बसली. पण पंगत देणाऱ्या उदारामजींनी विठ्ठलापुढं पण केला होता: गावाच्या यादीतला एक जरी माणूस उपाशी असला, तर कोणी घास उचलायचा नाही.

यादी लेकानं, ओमेशनं, कंप्युटरवर केलेली. उदारामजींनी चष्मा लावला. अठ्ठेचाळीस घरं, नि प्रत्येक घराखाली एकच माणूस. बिननावाचा.

"छोटेलाल, तू यादीत नाहीस."

"काका, मी तर पत्रावळीपुढं बसून राहिलो!"

"बसला असशील. मीबी नाही यादीत."

सारं गाव पंगतीत, नि यादीप्रमाणे अजून कोणीच आलं नव्हतं! बिननाव्यांसाठी अठ्ठेचाळीस पत्रावळी मांडल्या. भात निवू लागला.

"काऊन बे, हे कोण हायेत?"

ओमेश कागदाकडे बघत म्हणाला, "बाबा, साऱ्यांचे फोटो एकदम उघडले का कंप्युटर अडकते. म्हणून नुसती घरं दाखवली. ज्या घरावर टिचकी मारली, तेवढ्याच घरचे माणसं येतात. आत कोणी आहे हे कळावं म्हणून खाली एक खोटा माणूस ठेवा लागते. टिचकी मारली का तो जाते, खरे येतात. मी न उघडताच छापलं."

"मंग आता उघड!"

"लाईन गेली ना जी. कंप्युटर बंद."

"देवाच्या यादीत खोटा कोणी नसते," उदारामजी उठले. "मीच घरोघर जाऊन पुसतो, कोण राहिलं ते."

छोटेलालच्या घरी गायीपाशी त्याची म्हातारी माय रुख्मा सापडली. "मले कोणं बोलावलं?" पुढच्या घरी पाय मोडलेला विक्की, त्यापुढं धानाच्या राखणीला बसलेली नवी सून. प्रत्येक घरानं कोणा एकाला मागं ठेवलंच होतं! एकेकाला आणून बसवलं, सत्तेचाळीस पत्रावळी भरल्या.

अठ्ठेचाळिसावं घर उदारामजींचं. तिथं कुलूप. सारी पंगत त्या एका रिकाम्या पत्रावळीकडे बघत राहिली.

"बाबा," ओमेश हळूच म्हणाला, "आई."

सुमित्राबाई सकाळपासून चुलीपाशी होत्या, नि आता हातात वरणाची बादली. "मी कायले बसू? वाढीन कोण?"

उदारामजींनी बादली घेतली. "बस. नाव सांग, लिहितो."

"तीस वर्षांनी नाव पुसून राहिले का जी?"

त्यांनी लिहिलं. बाई बसल्या. गजर झाला, नि उदारामजींच्या हातचं पहिलं वरण थेट छोटेलालच्या मांडीवर पडलं.