उत्तर देणारा कॉम्प्युटर

"मालक, ऑपरेशन नको असेल, तर पडदा विझवा!"

जाणत्यांनी हात वर केला आणि खोलीतल्या सगळ्यांचा श्वास छातीतच अडकला.

दुसऱ्या मजल्यावरच्या त्या बैठकीच्या खोलीत मुंगीला शिरायला जागा नव्हती. माणसं पलंगावर होती, खिडकीच्या कट्ट्यावर होती, दारातून थेट जिन्यापर्यंत उभी होती. सगळ्यांचे डोळे कोपऱ्यातल्या टेबलावर लागलेले. टेबलावर एक जुना कॉम्प्युटर, आणि त्याच्या पडद्यावर गेल्या हिवाळ्यात वारलेल्या घरधन्याचे फोटो एकामागून एक उघडत होते. लग्नातला. कामावरच्या पहिल्या दिवसाचा. लेकीला खांद्यावर घेतलेला. बंद करायचा एकही नाही, सगळे उघडेच ठेवायचे, अशी जाणत्यांची आज्ञा होती.

पडदा थरथरला. घरधन्याच्या हसऱ्या चेहऱ्यावर रंगीबेरंगी पट्टे उमटले, सगळं निळं झालं आणि दुसऱ्या क्षणी मिट्ट काळं.

"आले!" जिन्यावरून कुणीतरी ओरडलं. मागची माणसं पुढच्यांच्या खांद्यावर चढली. पुढच्या खुर्चीत बसलेल्या आईनं पदरानं डोळे पुसले. "ऐकलंत ना? नको म्हणाले. मग नाही करायचं."

लेक स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून हे ऐकत होती.

आईच्या हृदयाची एक झडप निकामी होत चालली होती. मजला चढून आली की भात्यासारखी धापत असे. अलीकडे तर वेणी घालतानाही तिला मध्येच थांबावं लागे. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, "उशीर करू नका." तारीख ठरली होती, येत्या सोमवारची. आणि आता हे.

सुरुवात साधीच होती. बाबा गेल्यावर आई त्यांचे फोटो पाहत बसायची, आणि पाहता पाहता कॉम्प्युटर मान टाकायचा. एकदा झालं, दोनदा झालं. मावशी तिला म्हणाली, "अगं, भावोजींना तुझं रडणं पाहवत नसेल." मावशी, म्हणजे आईची धाकटी बहीण, खालच्या मजल्यावर शिवणकामाचं दुकान चालवायची. बोलून गेली खरी, पण बोललेलं दुकानातल्या गिऱ्हाइकांबरोबर गावभर फिरलं आणि महिन्याभरात जाणत्यांना घेऊनच परतलं.

जाणते म्हणजे गोल चेहऱ्याचे, मऊ आवाजाचे गृहस्थ. आल्या आल्या म्हणाले, "मला या यंत्राशी एकांत हवा." दार लावून अख्खी दुपार आत बसले. बाहेर आले ते घामाघूम होऊन. "वहिनी, देह म्हणजे काय? हार्डवेअर! आत्मा म्हणजे? सॉफ्टवेअर! हार्डवेअर जळतं, सॉफ्टवेअर कधी जळलंय? आणि मेमरी म्हणजे काय? आठवण! माणूस जातो, आठवण उरते. तुमचे मालक मेमरीत आहेत!"

झालं. खोलीत त्यांचं आसन लागलं. रोज संध्याकाळी दरबार भरू लागला. पडदा लगेच विझला तर आत्मा जागा, वेळानं विझला तर आत्मा लांबून येतोय, आणि विझायला हवा असताना विझलाच नाही तर विचारणाऱ्याचं मन शुद्ध नाही. चित भी मेरी, पट भी मेरी. आई ऑपरेशनला गेली की या खोलीला कुलूप लागणार, हे लेकीच्या मनात आलं. जाणत्यांच्या मनात तर ते आधीच आलं असणार.

"आई, यंत्र बिघडलंय गं," ती रोज सांगे.

"बिघडलेलं यंत्र विचारल्यावर बोलतं?" आईचं ठरलेलं उत्तर. "आणि हात लावायचा नाही त्याला. शपथ आहे माझी."

लेक रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करायची. निकाल विचित्र आला तर घाबरायचं नाही, एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि पुन्हा पाहायचं, हे तिच्या हाडीमासी भिनलेलं. शनिवारी दुपारी आई आतल्या खोलीत गोळी घेऊन झोपली. लेकीनं बैठकीचं दार लोटलं, शपथ बाजूला ठेवली आणि कॉम्प्युटरच्या कॅबिनेटचे स्क्रू काढले.

आधी धूळ. ब्रशनं सगळी झटकली, पंखा नीट फिरतोय ते पाहिलं. फोटो उघडले. पडदा विझला. मग वायर बदलली, दुसऱ्या प्लगात लावली. पुन्हा विझला. आई तासन्‌तास कॉम्प्युटरवर पत्ते खेळायची तेव्हा मात्र काहीच होत नसे, हे तिला आठवलं. एखाददुसरा फोटो पाहतानाही नाही. शंभर फोटो एकदम उघडले, यंत्राची मेमरी भरत आली, की मगच. तिनं कॉम्प्युटरमध्येच असलेली मेमरीची तपासणी सुरू केली. पडद्यावरची रेघ गोगलगायीच्या चालीनं सरकू लागली. आतून आईच्या खोकल्याचा आवाज आला की ही दाराकडे पाहायची. अखेर अक्षरं उमटली: मेमरीत दोष आहे.

आत मेमरीच्या दोन पट्ट्या होत्या, बोटभर लांबीच्या, हिरव्या. तिनं दोन्ही काढून एकेक लावून पाहिली. एक ठणठणीत होती. दुसरीतच खोट होती. ठणठणीत पट्टी आत ठेवून तिनं फोटो पुन्हा उघडले. यंत्र रखडत होतं, पण चालत होतं.

"काय केलंस?"

आई दारात उभी होती. चौकट धरून, ओठ निळसर. पडद्यावर फोटो उघडतच राहिले, शेवटच्या फोटोपर्यंत. गच्चीवर उभे असलेले बाबा, हात हलवताना. यंत्र शांतपणे घरघरत राहिलं.

"गेले," आई म्हणाली. "तू घालवलंस त्यांना." आणि भिंतीला टेकून खालीच बसली.

लेकीनं तिला सावरलं, पाणी दिलं. तिचा श्वास जागेवर येईपर्यंत पाठीवरून हात फिरवत राहिली. आपण चुकलो तर नाही ना, असं क्षणभर तिला वाटलं. आईच्या हाताशी आलेलं बाबांचं एवढंसं अस्तित्व आपणच ओरबाडून घेत होतो. पण तिच्या बोटाखाली आईची नाडी अडखळत होती. सोमवार परवावर आला होता.

खोट असलेली पट्टी घेऊन ती खाली मावशीकडे गेली. मावशीचा आणि वरचा, दोन्ही कॉम्प्युटर बाबांनी एकाच दुकानातून, एकाच वेळी घेतलेले, जुळ्या भावंडांसारखे. मावशीच्या यंत्रात एक खाच रिकामीच होती. लेकीनं पट्टी तिथं बसवली आणि फ्रॉकच्या नमुन्यांची सगळी चित्रं उघडली. झालरवाले फ्रॉक, बिनबाह्यांचे फ्रॉक, टिकल्यांचे फ्रॉक... पडदा थरथरला, निळा झाला, विझला.

मावशीनं सुई पिनकुशनमध्ये खुपसली. "अगं बाई! भावोजींनी जिवंतपणी माझ्या दुकानाची पायरी चढली नाही, ते आता फ्रॉकवर चिडायला येतील?" मग तिचा चेहरा उतरला. "मीच हे खूळ डोक्यात घातलं गं तिच्या."

दोघींनी वर जाऊन आईला सांगितलं. आई हट्टानं मावशीला म्हणाली, "पट्टीबरोबर तेच आले असतील तुझ्याकडे."

"बरं," लेक म्हणाली. "मग तूच पाहा. आज संध्याकाळी यंत्रात ही पट्टी घालायची की नाही, ते तू ठरव. मला सांगू नकोस, मावशीला नको, कुणालाच नको. कशी बसवायची ते दाखवते. तुझे जाणते खरे असतील तर त्यांना कळेलच, बाबा आत आहेत की नाहीत."

आईनं विचारलं, "आणि त्यांना कळलं तर?"

लेकीनं पट्टी आईपुढे धरली. "तर मी पुन्हा ऑपरेशनचं नाव काढणार नाही."

एवढं बोलून ती पट्टी कशी बसवायची ते दाखवायला उठली.

संध्याकाळी दरबार नेहमीपेक्षा जोरात भरला. जाणते येण्याआधी आईनं सगळ्यांना बाहेर काढून दार लावलं होतं. उघडलं तेव्हा कॅबिनेट बंद होतं आणि आईचा उजवा हात पदराआड. लेकीनं तिच्या चेहऱ्यावरून अंदाज घ्यायचा प्रयत्न केला. चेहरा दगडासारखा.

"आज ते अस्वस्थ आहेत," आसनावर बसता बसता जाणते म्हणाले. डोळे मिटले. "अहाहा! आले. वहिनी, ते तुमच्या उजव्या खांद्यावर हात ठेवून उभे आहेत. फोटो उघडा. सगळे उघडा!"

फोटो उघडू लागले. लग्न. कामाचा पहिला दिवस. खांद्यावरची लेक. माणसं माना उंचावून थांबली. पडदा हलला नाही.

"लांबून येताहेत," जाणते म्हणाले.

"आत्ता तर खांद्यावर हात होता," मावशी पुटपुटली.

फोटो उघडत राहिले. जाणत्यांच्या कपाळावर घाम जमला. "इथं कुणाचं तरी मन शुद्ध नाही! मालक, एवढं तरी सांगा..."

"थांबा," आई म्हणाली. आवाज बारीक होता, पण जिन्यापर्यंत पोचला. "ते माझ्याजवळ उभे आहेत ना? मग त्यांना विचारा, माझ्या मुठीत काय आहे."

जाणत्यांनी डोळे घट्ट मिटले. "त्यांची... त्यांची आठवण आहे. अंगठी! लग्नातली अंगठी. ते सांगताहेत."

आईनं पदराआडून हात काढला आणि मूठ उघडली. तळहातावर हिरवी पट्टी होती.

लेक पुढे झाली. तिनं आईच्या हातून पट्टी घेतली, सगळ्यांसमोर यंत्र बंद करून आत बसवली, फोटो उघडले. पडदा विझला. पट्टी काढली. पडदा तेवत राहिला. पुन्हा घातली, पुन्हा विझला. ना आवाहन, ना आसन.

"पण मला मालकांनी 'हो' सांगितलं होतं," मागून निवृत्त पोस्टमन म्हणाले. "पडदा विझला नाही तर जमीन घ्या, असं जाणते म्हणाले, आणि तो विझला नाही."

"काका, तेव्हा पडद्यावर फोटो किती होते?"

"एकच. एकाग्रतेसाठी, म्हणाले."

"आणि आईच्या वेळी शंभर. एकावर यंत्र टिकतं, शंभरांवर कोसळतं. त्या दुपारी दार लावून यांनी एवढंच शोधून काढलं. विझवायचं की तेवत ठेवायचं ते हेच ठरवत होते, प्रश्न विचारायच्या आधीच."

सगळ्यांच्या माना वळल्या. जाणते उठून दाराकडे सरकले होते. "अविश्वासानं आत्मा रुसतो," असं काहीतरी म्हणत ते गर्दीतून वाट काढू लागले. कुणी त्यांना अडवलं नाही, कुणी वाटही दिली नाही. आसन तिथंच राहिलं.

सगळे गेल्यावर आई खूप रडली. बाबा गेले त्या दिवशीही ती इतकी रडली नव्हती. लेक शेजारी बसून राहिली, समजूत घालायच्या फंदात पडली नाही. रात्री उशिरा आई म्हणाली, "कुणीतरी सांगावं असं वाटत होतं गं. भीती वाटते मला. रोज विचारत होते त्यांना, कारण तुला विचारलं असतं तर तूही घाबरली असतीस."

"मी घाबरलेलीच आहे, आई."

सोमवारी दवाखान्यात आईनं डॉक्टरांना सगळे प्रश्न स्वतः विचारले. छाती किती उघडणार, शुद्धीवर कधी येणार, दुखेल किती. शेवटी विचारलं, "मी नक्की बरी होईन ना?"

"नक्की कुणालाच सांगता येणार नाही," डॉक्टर म्हणाले. "शक्यता चांगली आहे. आणि नाही केलं तर काय होईल, ते मात्र मला माहीत आहे."

आईनं चष्मा काढला. तो लेकीच्या हातात देऊन म्हणाली, "चला."

ती बरी झाली. पण ती बरी झाली नसती, तरी त्या सोमवारी तिनं केलं तेच शहाणपणाचं होतं, हे सांगायला हवं. दुःखात माणसाला उत्तर हवं असतं, आणि उत्तर विकणारे दुःखाचा वास काढत दारात येतात. तेव्हा एवढंच करा: प्रश्न अशा माणसाला विचारा, ज्याला "मला माहीत नाही" म्हणता येतं. आणि ज्याला सगळंच माहीत असतं, त्याच्यासमोर आपली मूठ झाकून धरा आणि विचारा, आत काय आहे?