उन्हात वाळत घातलेली तबकडी

मी गाण्याची एक जुनी तबकडी आहे, आणि वाकडीही. एरवी मला बोलायला सुई लागते. पण मित्रांनो, मी वाकडी कशी झाले, ते आज माझं मीच सांगणार आहे.

माझा जन्म सत्तरच्या दशकातला. कारखान्यात काळ्या प्लास्टिकचा गरम गोळा दोन साच्यांमध्ये दाबला आणि मी चपटी होऊन बाहेर पडले. माझ्या पोटात लांब केसांच्या चार तरुणांचं संगीत होतं. त्यांना म्हणे गिटार वाजवत, तारे ओलांडून देवापर्यंत जायचं होतं. माझी एक बाजू म्हणजे बावीस मिनिटांचं एकच गाणं. त्यात शब्द इनमीन सात. बाकी नुसतं घोंघावणारं अवकाश. वेष्टनावर शनीच्या कड्यावर मांडी घालून बसलेला एक माणूस होता. "ह्याला खाली कोण उतरवणार?" असं म्हणत दुकानदार मला मागे सरकवायचा.

शेवटी मला घेतलं चष्म्याच्या काचा घासणाऱ्या एका कारागिरानं. त्याचा जिवलग मित्र सिनेमागृहात यंत्र चालवायचा. दर रविवारी सकाळी दोघं दुकानामागच्या खोलीत डोळे मिटून मला ऐकत. गाणं संपलं की पाच मिनिटं कोणी बोलायचं नाही, असा त्यांचा नेमच होता. काय माझी बडदास्त! कधीकधी मित्र मला आतल्या कागदी पिशवीत घालून आठवडाभर घरी न्यायचा; वेष्टन दुकानातच राहायचं.

कारागिराची आठ वर्षांची मुलगी दारात बसून सगळं पाहायची. तिचे बाबा घासलेल्या काचा साबणाच्या पाण्यात धुऊन खिडकीत उन्हात वाळवत. एकदा बाबा बाहेर गेले असताना तिला माझ्यावर धूळ दिसली. लेकरानं मला अगदी तसंच हळुवार धुतलं आणि तसंच उन्हात ठेवलं. काचांना उन्हाचं काही होत नाही. मी मात्र तासाभरात कडेनं वाकले. तिला रडूच फुटलं. तिनं मला जुन्या फ्रॉकमध्ये गुंडाळून काचांच्या कपाटामागे सरकवलं. रिकामं वेष्टन जागच्या जागी राहिलं.

रविवारी बाबांनी वेष्टनात हात घातला आणि मित्राकडे पाहिलं.

"परत आणायची राहिली वाटतं?"

"अरे, परवाच आणून ठेवली की, तू दुकानात नव्हतास तेव्हा!"

"मग काय, उडून गेली?"

शब्दानं शब्द वाढला. "मला चोर म्हणतोस?" एवढं विचारून मित्र जो गेला, तो पुन्हा दुकानाची पायरी चढला नाही. कपाटामागे मी सगळं ऐकत होते. पोटात एवढं गाणं, पण खरं काय ते सांगता येईना. मला फार वाईट वाटलं. मुलीनंही भीतीनं ब्र काढला नाही. आज सांगू, उद्या सांगू म्हणता म्हणता तेहतीस वर्षं गेली.

आता ती स्वतः काचा घासते. बाबा मागच्या खोलीत बसून असतात. एका सकाळी दुकानात एक म्हातारा आला.

"पोरी, हल्ली नीट दिसत नाही गं. दोन ठिकाणी चष्मे केले, पण तुमच्या काचेची सर नाही. तेवढं बाबांना सांगू नकोस हं, मी आलो होतो म्हणून."

तिनं हातातली काच खाली ठेवली. कपाट ओढलं आणि मला बाहेर काढलं.

"काका, तबकडी तुम्ही नेली नव्हती. मी धुतली, उन्हात ठेवली, वाकडी झाली. घाबरले आणि लपवली."

मागच्या खोलीच्या दारात बाबा उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. पुढे होऊन त्यांनी मित्रासाठी खुर्ची ओढली, तबकड्या वाजवायच्या जुन्या यंत्रावरची धूळ पुसली आणि मला लावलं. सुई धापा टाकत चढत होती, उतरत होती. तारे कसले, गाणं खड्ड्यांच्या रस्त्यानं निघालं होतं! तरी दोघांनी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं. मग नेमाप्रमाणे सगळे गप्प.

"पाच मिनिटं झाली," काका हळूच म्हणाले.

"तेहतीस वर्षं झाली," बाबा म्हणाले. "चुकलो रे."

मित्रांनो, तबकड्या उभ्या ठेवा, उन्हापासून जपा. आणि हातून काही बिघडलंच, तर त्याच दिवशी सांगून टाका. वाकडी तबकडी कशीबशी वाजते तरी. लपवलेली वाजत नाही. खोटं वाटत असेल, तर रविवारी सकाळी या. फक्त नंतर पाच मिनिटं गप्प बसावं लागेल.