एकशे तेहतीस ठोके

सकाळी दवाखान्याच्या शौचालयात कडी लावून मल-सूनने गोळी गिळली. हृदयाच्या या परीक्षेत आज नापास व्हायचं, हे तिने पक्कं ठरवलं होतं.

"ही गोळी नाडी मंद करते, दोन दिवस बंद ठेवा," असं नर्सने बजावलं होतं. मल-सूनने नेमकं तेवढंच ध्यानात ठेवलं. इंजेक्शन देऊन हृदय पळवायचं आणि पळताना ते कसं वागतं हे सोनोग्राफीत बघायचं, अशी तपासणी होती. ते पळालंच नाही तर धोका किती ते कळणार नाही, आणि धोका कळल्याशिवाय सर्जन लिव्हर बदलायला हात घालणार नाहीत. म्हणजे आपलं लिव्हर कापून द्यायला निघालेल्या लेकीचं, सोदामचं, पोट वाचलं. त्रेसष्ट वर्षांच्या बाईसाठी एकोणतीस वर्षांच्या पोरीला कापायचं, हे तिला मुळीच मंजूर नव्हतं. मरणाची तिला भीती नव्हती, पोरीच्या टाक्यांची होती.

"काकू, छातीत धडधडेल हं," डॉक्टर नाम म्हणाली. "एकशे तेहतीसपर्यंत जायचंय."

"जाऊ की."

औषध वाढत गेलं. ब्याऐंशी. नव्वद. अठ्ठ्याण्णव. तिथेच गाडी अडली. डॉक्टरने तिच्या मुठीत रबरी चेंडू दिला. "दाबा, जोरात!"

"दाबतेच आहे," मल-सून म्हणाली आणि चेंडू नुसता धरून राहिली. डॉक्टरने नाडी वाढवणारं दुसरं इंजेक्शन दिलं. एकशे नऊ.

"सकाळी गोळी घेतलीत का?"

"छे!"

तेवढ्यात दार ढकलून सोदाम आत आली. हातात आईची पिशवी आणि गोळ्यांची पट्टी होती. "घेतलीय. काल रात्री सहा होत्या, आता पाच आहेत. आई, लाज नाही वाटत?"

"बाहेर हो! माझं हृदय आहे, पळवीन नाहीतर बसवून ठेवीन."

"बरं, बस मग." सोदाम पलंगाच्या कडेला टेकली. "मर खुशाल. तुझ्या श्राद्धाला मी काय मांडणार ते ऐकून ठेव. सुपरमार्केटातले गोठवलेले काप."

मल-सूनने मान वळवली. सोमून बाजारात एकतीस वर्षं ती लोकांच्या पितरांसाठी माशाचे आणि भोपळ्याचे काप तळत आली होती. पहाटेचा ताजा मासा, पीठ हातचं, अंडं शेवटी.

"काय म्हणालीस?"

"गोठवलेले. तळणार पण नाही, मायक्रोवेव्हमध्ये घालीन."

एकशे एकवीस.

"मेल्यावरसुद्धा उठून बसेन मी!"

"ये ना. कडेला सॉस देईन. प्लास्टिकच्या पुडीतला."

"भवाने! पितरांच्या पानावर पुडी?" मुठीतला चेंडू पार चपटा झाला. मल-सूनला धाप लागली, कानशिलं तापली. रागाबरोबर आणखीही काहीतरी वर आलं. आपल्याला त्या पानावर बसायचंच नाही, इतक्यात तर नाहीच, हे तिला आज पहिल्यांदा कळलं आणि ती स्वतःवरच चिडली.

"एकशे चौतीस!" डॉक्टर ओरडली. "हलू नका काकू. शिव्या द्या, पण हलू नका." ती पडद्यावरून नजर न काढता चित्रं टिपत राहिली. मग हळूच म्हणाली, "हृदयाच्या सगळ्या भिंती छान हलताहेत. हे हृदय शस्त्रक्रिया सोसेल, असं मी लिहिणार आहे."

मल-सून हरली होती. डोळ्यांतलं पाणी कानात ओघळत होतं, ते तिने पुसलं नाही. तिने पोरीकडे रोखून बघितलं.

"आईला असं बोलतात? लिव्हर सुजलं की माणूस शेफारतो म्हणतात, तसं सुजलंय का गं तुझं, एवढी हिंमत आली ती?"

"सुजू दे," सोदाम म्हणाली. "निम्म्याहून जास्त तुलाच द्यायचंय."