स्टँडवर आणि हातात

टेबलावर बारा वस्तू होत्या. जुना कॅमेरा एक. लेन्स दोन, त्यांतल्या एकीचं झाकण हरवलेलं, म्हणून तिच्या तोंडावर कॉफीच्या डब्याचं झाकण रबर लावून बसवलेलं. बॅटऱ्या तीन, पैकी एक फुगलेली. चार्जर एक, मेमरी कार्डं चार. आणि बारावी वस्तू म्हणजे दुकानदाराने सकाळी आणून ठेवलेला नवा कॅमेरा, अजून खोक्यातच.

धाकटीने हे सगळं आल्या आल्या मोजून घेतलं. ती वजनकाटे तपासायच्या कचेरीत नोकरीला होती. दिवसभर दुसऱ्यांचे काटे खरे की खोटे ते ठरवायचं आणि शिक्का मारायचा, हे तिचं काम. पदार्थविज्ञान शिकून शेवटी वाण्याची तागडीच हातात आली ना, असं दादा तिला दर भेटीत चिडवायचा. आज मात्र आपल्या फोटो स्टुडिओच्या आतल्या खोलीत, पडद्यासमोरच्या गिऱ्हाइकाच्या स्टुलावर तो हात मांड्यांखाली दाबून बसला होता.

तिला बोलावलं होतं वहिनीने. फोनवर एवढंच म्हणाली होती, "शाळेचा निरोप आलाय. ये आणि त्याला नवा कॅमेरा घ्यायला सांग. तू शिकलेली, तुझं ऐकेल."

शाळेचा निरोप म्हणजे मुख्याध्यापिकाबाईंचा. गेल्या बक्षीस समारंभातले निम्म्याहून जास्त फोटो हलले होते. पोरं मंचावर येतात, बक्षीस घेतात, उतरतात; पुन्हा चढवता येत नाहीत. पालकांनी बाईंना धारेवर धरलं आणि बाईंनी दादाला. "हे बघा," त्या म्हणाल्या होत्या, "एक तर तुम्ही कॅमेरा बदला, नाही तर आम्ही फोटोग्राफर बदलतो." शाळा गेली की स्टुडिओकडे उरणार होते पासपोर्टचे फोटो, आणि तेही लोक आता फोनवर काढून नुसते छापायला आणत.

"तर," दादा म्हणाला, "काय म्हणतात विद्वान? हा म्हातारा निवृत्त करायचा ना?"

जुना कॅमेरा घेतला तेव्हाही दुकानातला सगळ्यात साधा होता. आता त्याच्या मुठीवरचं रबर सुटून दोनदा चिकटवून झालं होतं आणि बटणांवरची अक्षरं पुसून गेली होती. कुठलं बटण कशाचं, हे फक्त दादाच्या बोटांना माहीत.

"त्याला झालंय काय पण?" धाकटीने विचारलं.

"फोकस धरत नाही. थकलाय. तुमच्याकडे नाही का काटे थकत?"

"थकतात. पण आम्ही बघून ठरवतो, गिऱ्हाइकाच्या सांगण्यावरून नाही."

"झालं सुरू," वहिनी दारातून म्हणाली. "अगं, घ्या म्हण आणि मोकळी हो. दुकानदाराला संध्याकाळी उत्तर द्यायचंय. पैसे तरी द्यायचेत, नाही तर खोकं तरी."

पण धाकटीच्या डोक्यात किडा शिरला होता. कॅमेरा थकला की नाही हे कळणं तिला अगदी सोपं वाटत होतं, आणि सोपी गोष्ट न करता निर्णय घेणं तिच्या जिवावर यायचं. तिने भिंतीवर वर्तमानपत्राचं छोट्या जाहिरातींचं पान टाचण्यांनी लावलं. खिडकी बंद केली, शाळेच्या सभागृहात असतो तेवढाच मंद दिवा ठेवला. दादा समारंभात ठेवतो तोच शटरचा वेग, सेकंदाचा साठावा भाग. कसोटी एकच: कॉम्प्युटरवर फोटो पूर्ण मोठा केल्यावर जाहिरातीतली सगळ्यात बारीक अक्षरं वाचता आली तर पास, नाही तर नापास. मधलं काही नाही.

"आणि असे चाळीस काढायचे," ती म्हणाली.

"एकाच कागदाचे चाळीस?" दादाला पहिल्यांदाच हसू आलं. "कागदाचं लग्न आहे का?"

हसण्यामागे जरा दुखणंही होतं. बाजारात दादाला सगळे 'एकशॉट' म्हणायचे. वडिलांच्या वेळी रीळ महाग, म्हणून त्यांचा नियम होता की एका माणसाला एकदाच बटण. दुसऱ्यांदा दाबलं म्हणजे पहिल्यावर आपलाच भरवसा नव्हता. रीळ गेलं, नियम राहिला. इतर फोटोग्राफर टाळ्या वाजवल्यासारखे दहा दहा फोटो उडवायचे. दादा वाट बघायचा, श्वास धरायचा आणि एकदाच दाबायचा. लोक ते बघायला उभे राहत. वर्षानुवर्षं त्याचा तो एक फोटो वाया जात नव्हता.

आधी जुना कॅमेरा स्टँडवर चढवला. बटणालाही हात लागू नये म्हणून टायमर लावला. चाळीस फोटो झाले. धाकटी कॉम्प्युटरवर एकेक मोठा करत गेली. भाड्याने खोली, वापरलेलं कपाट, शिकवणीसाठी बाई पाहिजेत. सगळं लख्ख.

"चाळीसपैकी चाळीस," ती म्हणाली. "म्हातारा ठणठणीत आहे."

"स्टँडवर काय, गाढवसुद्धा काढेल," दादा म्हणाला.

"मग आता हातात घे."

हे बोलताना तिच्या मनात काही नव्हतं. तपासणीत तसंच करतात: एकेक गोष्ट बाजूला काढायची आणि उरतं काय ते बघायचं. दारात उभ्या असलेल्या वहिनीने मात्र घाईने म्हटलं, "कशाला आता? जेवणं उरका आधी." कुणी लक्ष दिलं नाही.

दादाने कॅमेरा उचलला. पाय रोवले, कोपरं बरगड्यांना टेकवली, डोळा लावला. कॅमेऱ्याच्या पट्ट्याचं सुटं टोक त्याच्या मनगटाखाली लोंबत होतं. दादा अगदी स्तब्ध होता आणि ते टोक थरथरत होतं. बारीक, एका लयीत, थांबत नव्हतं. पंधराव्या फोटोपाशी त्याने कॅमेरा खाली घेतला, तळवे पँटला पुसले, पुन्हा लावला. विसाव्यानंतर धाकटीने त्या टोकाकडे बघणं सोडून दिलं.

"नऊ," तिने मोजून सांगितलं.

"चाळीसपैकी?"

"हो."

"बघ!" दादा उसळलाच. "म्हटलं नव्हतं? हाच कॅमेरा! स्टँडवर साधू आणि हातात चोर! याच्या आत काहीतरी ढिलं झालंय, हातात घेतलं की हलतं."

धाकटीला तिथे गप्प बसता आलं असतं. कॅमेरा जुना आहे, ढिला झाला असेल, घे नवा, असं म्हणायला जीभ झिजणार नव्हती. पण तिला एक जुनी गोष्ट आठवली. शाळेत असताना तिने कितीदा तरी कॅमेरा मागितला होता, आणि दरवेळी दादा हसून म्हणायचा, "तुझा हात हलतो गं. फोटो हाताने काढायचा असतो, पुस्तक वाचून नाही." वडीलही मान डोलवायचे. तिने कधी कॅमेरा धरलाच नव्हता, तर हात हलतो हे त्यांना कळलं कसं, हा प्रश्न विचारायचा राहून गेला होता.

"दे इकडे," ती म्हणाली. "मी काढते."

"तू?"

"हातात धरल्यावर आतलं काही ढिलं होत असेल, तर माझ्याही हातात होईल."

तिने कॅमेरा घेतला. तिला तो नीट धरताही येत नव्हता. डावा हात लेन्सखाली घ्यायचा की बाजूला, तेही दादानेच दाखवलं, सवयीने, मायेने. चाळीस फोटो. पुन्हा कपाट, खोली, शिकवणी.

"एकतीस," ती म्हणाली. जरुरीपेक्षा थोडं मोठ्याने म्हणाली, आणि म्हणताक्षणीच ते तिच्या लक्षात आलं.

दादा कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघत राहिला. मग "पाणी पिऊन येतो" म्हणून बाहेर गेला. पाण्याचं भांडं आतच होतं.

वहिनीने दार लोटून घेतलं.

"झालं समाधान?"

"वहिनी, त्याचा हात..."

"मला सांगतेस? दोन वर्षं झाली. चहा देते ना मी त्याला, तो अर्धाच कप देते. त्याला वाटतं, मी काटकसर करते. आणि शाळेचे फोटो? त्याने काढले की मी इथे कॉम्प्युटरवर बसून एकेक धारदार करते. जमतील तेवढे. यंदा नाही जमले."

"डॉक्टर?"

"म्हटलं होतं एकदा. म्हणाला, डॉक्टर काय कॅमेरा दुरुस्त करणार?" वहिनी कोरडं हसली. "दुकानदाराने सांगितलं, या नव्याच्या आत काहीतरी तरंगतं. हात हलला की ते उलटं हलतं, फोटो जागच्या जागी. मी म्हटलं, देव पावला. त्याने म्हणायचं कॅमेरा बदलला म्हणून फोटो सुधारले, मीही तेच म्हणायचं, शाळेनेही. झाकली मूठ होती गं. तुला 'घ्या' म्हणायला बोलावलं होतं, मोजायला नाही."

"मला सांगायचंस तरी."

"तुला सांगितलं असतं तर तू 'घ्या' म्हणाली असतीस? तू आधी विचारलं असतंस, किती हलतो."

धाकटीने खरंच तेच विचारलं असतं.

दादा परत आला तेव्हा तोंड धुऊन आला होता. तिने घाईघाईने एक तोडगा काढला. "दादा, एक सुचवू? एकाऐवजी सात-आठ दाबत जा. त्यातला एक तरी लागेलच. हिशोबानेच सांगते, पोरामागे..."

"म्हणजे जाळं टाकायचं," तो शांतपणे म्हणाला. "मंचावर पोर उभं, आणि मी आपला टकटकटक. बाजारात काय म्हणतील? एकशॉटचा सुतारपक्षी झाला."

"म्हणू देत."

"तुझं काय जातंय. तुझा हात सुरेख आहे."

तो टोमणा होता की कौतुक, हे त्याच्या आवाजावरून कळेना. धाकटीचे कान तापले.

मग दादानेच नवं खोकं ओढलं. "उघड," तो वहिनीला म्हणाला. "तुला हाच हवाय ना? मग याचीही परीक्षा होऊ दे. जुन्याची झाली, माझी झाली, हा काय जावई लागतो का?"

"नको," वहिनी म्हणाली. "घेऊनच टाकू. परीक्षा कसली? चांगला आहे म्हणतोय ना दुकानदार."

"दुकानदार म्हणणारच. काटा कोण तपासणार, वाणी?" तो धाकटीकडे वळला. "ऐक. तीस आले तर घेऊ. तुझे एकतीस आले, मला तीस पुरेत. तीस आले नाहीत, तर खोकं परत, आणि शाळेला मी स्वतः जाऊन सांगेन की दुसरा माणूस बघा. मला कुणी काढायची गरज नाही."

"असं काही ठरवू नकोस आत्ताच," धाकटी म्हणाली.

"मग कधी? मंचावर?"

वहिनीने खोक्याची चिकटपट्टी नखाने हळूहळू सोडवली, कोपरा जराही दुमडू न देता. कॅमेरा चकचकीत होता, जुन्यापेक्षा हलका. धाकटीने तोच वेग ठेवला, तोच दिवा, भिंतीपासून तेवढंच अंतर. आतलं ते तरंगणारं चालू आहे याची तिने दोनदा खात्री केली. आयुष्यात पहिल्यांदा तिला वाटत होतं की मापाने आपल्याला हवं तेच दाखवावं.

दादाने पाय रोवले. या कॅमेऱ्याच्या पट्ट्याची घडी अजून मोडलेली नव्हती. त्याने तो मनगटाला दोन वेढे देऊन गुंडाळला, एकही टोक मोकळं ठेवलं नाही. प्रत्येक फोटोआधी तो थांबत होता, श्वास धरत होता, जणू समोर कागद नसून कुणाचं तरी पोर उभं आहे आणि ते पुन्हा वर येणार नाही. अठ्ठाविसाव्या फोटोनंतर त्याच्या कपाळावरचा घाम भुवईत उतरला. वहिनीने पदराने पुसायला हात पुढे केला, तर त्याने मान बाजूला घेतली. चाळीस झाल्यावर त्याने कॅमेरा टेबलावर अलगद ठेवला आणि हात पुन्हा मांड्यांखाली घातले.

धाकटी कार्ड घेऊन कॉम्प्युटरसमोर बसली. वहिनी तिच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात जड होता. बोटं हळूच दाबली गेली, आणि त्याचा अर्थ कळायला शब्द लागत नव्हते.

"मागे कुणी उभं राहू नका," दादा स्टुलावरून म्हणाला. "आणि छोटे, वाणी ओळखीचा आहे म्हणून सूट देऊ नकोस."

वहिनीने हात काढून घेतला.

धाकटीने पहिला फोटो मोठा केला, मग दुसरा. शेवटपर्यंत गेली. मग पहिल्यापासून पुन्हा मोजलं, एका कागदावर रेघा मारत, आणि ज्यांच्याबद्दल शंका होती ते तीन फोटो आणखी एकदा उघडून बघितले. शिकवणीसाठी बाई पाहिजेत, यातलं 'बाई' एका फोटोत वाचता येत होतं, 'शिकवणी' येत नव्हतं.

"किती?" दादाने विचारलं.

"चाळीसपैकी तेरा."