नड असेल तिची भिशी

आमच्या भिशीत पैसे नसतात. हे घरी कुणाला ठाऊक नाही, आणि मी कळूही देणार नाही. "ऋजुता भिशीला गेली" म्हटलं की सगळे खूश असतात; बाईनं महिन्यातून एकदा कुठं तरी रमावं, चांगलं असतं. त्याऐवजी "तीन कंपन्या चालवणाऱ्या तीन बायका एकमेकींची अडचण ऐकायला जमतात" असं सांगितलं असतं, तर पहिल्याच महिन्यात प्रश्न आला असता, "कसली अडचण? आमच्यापैकी कुणाची?"

आमची ओळख उद्योजकांच्या एका सत्कारात झाली. पुरुषांना लॅपटॉपच्या बॅगा दिल्या आणि आम्हाला प्रेशर कुकर. माझ्या शेजारच्या बाईनं झाकण उघडून आत डोकावून पाहिलं आणि मोठ्यानं म्हणाली, "कुकर काय करू? गिरणीची मोटार जळलीय, ती द्या म्हणावं." ती सुंदरा. खालापूरजवळच्या आठ गावांतल्या शेतकरी बायकांनी मिळून कंपनी काढली आहे, तिची भातगिरणी आहे आणि सुंदरा तिची सीईओ आहे. पलीकडं तोंडाला पदर लावून हसत होती ती विनिता. नवरा गेल्यापासून माथेरानचं वीस खोल्यांचं हॉटेल ती एकटी चालवते. तिसरी मी. राहते कर्जतच्या भिसेगावात, आणि खालापूरला आमचा स्प्रिंगांचा कारखाना आहे. नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तो उभा केला. गेली सहा वर्षं मी चालवतेय.

भिशीचे नियम मी केले. नियम केल्याशिवाय मला चैन पडत नाही, हा जुना रोग आहे. प्रत्येकीनं आपल्या नावाची चिठ्ठी घरून आणायची आणि तिच्या मागं थोडक्यात अडचण लिहायची, म्हणजे ऐन वेळी कुणी विषय बदलणार नाही. पोह्यांच्या रिकाम्या डब्यातून एक चिठ्ठी काढायची. जिचं नाव निघेल तिनं बोलायचं, बाकीच्यांनी फक्त विचारायचं. "अगं, माझंही अगदी असंच झालं" या वाक्याला बंदी. निघालेलं नाव फेरी संपेपर्यंत पुन्हा डब्यात पडत नाही. सप्टेंबरात सुंदराचं निघालं होतं. ऑक्टोबरात राहिलो होतो मी आणि विनिता.

त्या मंगळवारी माझ्या पर्समध्ये एक पाकीट होतं आणि पाकिटात राजीनामा. गुरुवारी संचालकांची बैठक होती. तिथं तो द्यायचा आणि माझ्या जागी यज्ञेशनं बसायचं, असं ठरलं होतं. यज्ञेश माझा धाकटा चुलतभाऊ, विक्रीचं बघतो, स्वभावानं गरीब. सुचवलं नानांनी आणि "बरं" म्हटलं मी. राग मला त्या "बरं"चा येत होता. मी मनाशी ठरवून आले होते की माझी चिठ्ठी निघाली तर या दोघींना सांगायचं, नाही निघाली तर गुरुवारी पाकीट देऊन मोकळं व्हायचं. चव्वेचाळीस वर्षांची बाई, हाताखाली दीडशे माणसं, आणि निर्णय सोपवला पोह्यांच्या डब्यावर!

गिरणीच्या पडवीत आम्ही बसलो होतो. सुंदरानं डबा हलवला, चिठ्ठी काढली आणि नाव वाचलं. "विनिता."

"बोल," मी हसून म्हणाले. चिठ्ठीची घडी करून पर्समध्ये टाकली. दप्तर सांभाळायची हौसही माझीच.

विनिता बोलणार, तेवढ्यात गिरणीतली एक बाई चहाचा ट्रे टेबलावर ठेवून गेली. एरवी मी उठते आणि सगळ्यांच्या हातात कप देते. त्या दिवशी मी हात मांड्यांखाली दाबून बसून राहिले. चहावर साय धरायला लागली. विनितानं एकदा ट्रेकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. हॉटेलवाली आहे ती, कोण उठलं आणि कोण उठलं नाही हे तिच्या नजरेतून सुटत नाही.

"माझी भिशी हिला द्या," ती म्हणाली. "मला या महिन्यात नड नाही."

"असं नाही चालणार. नियम आहे."

"नियम तू केलास गं," सुंदरा म्हणाली. "भिशी काय तू नाय काढलीस. आमच्या आयांपासून चाललीय. जिला नड हाय तिनं आदी उचलायची, बाकीच्यांनी थांबायचं. बोल आता."

मला रडू कोसळलं. कारखान्यात सहा वर्षांत कधी रडले नाही, आणि इथं कोंड्याच्या पोत्यांना टेकून नाक पुसत बसले.

झालं होतं ते एवढंसंच. पुण्याच्या एका मोठ्या कंपनीची माणसं कारखाना बघायला आली होती. चहा आला, मी सवयीनं उठले आणि सगळ्यांना दिला. कर्जतच्या घरात वाढलेल्या मुलीचे हात पाहुणा दिसला की आपोआप चालतात. त्यानंतर दोन तास त्यांनी प्रश्न विचारले ते यज्ञेशला. उत्तरं मी देत होते, ते माना यज्ञेशकडं बघून हलवत होते. आठवड्यानं पत्र आलं, 'माननीय यज्ञेशसाहेब' अशी सुरुवात. नाना म्हणाले, "त्यांना पुरुषाशी बोलायची सवय आहे, बाळ. त्याला बसू दे पुढं. तू मागून चालव." रागानं म्हणाले असते तर मी भांडले असते. मायेनं म्हणाले, तिथंच मी हरले.

"म्हणून आता चहा द्यायचाच नाही, असं ठरवलंयस?" विनितानं विचारलं.

"हो."

"मी रोज पन्नास कप देते. चहा दिल्यानं खुर्ची जात नाही, ऋजुता. चहा देऊन झाल्यावर तू परत कुठं बसलीस?"

मी आठवायला लागले. यज्ञेशला पडद्यावर आकडे दाखवायचे होते, म्हणून तो टेबलाच्या टोकाला, माझ्या खुर्चीवर येऊन बसला होता. आणि मी रिकामा ट्रे घेऊन दाराजवळच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर टेकले होते.

"दाराजवळ," मी म्हणाले.

"मग त्याला उटवला का नाय?" सुंदरानं विचारलं.

"सगळ्यांसमोर वाईट दिसलं असतं."

"कुनाला?"

सुंदरानं आतून आपली लाकडी खुर्ची ओढत आणली आणि विनिताला तिच्यावर बसवलं. "ह्यो तुजा यज्ञेश. उटव त्याला."

"यज्ञेश, जरा सरकतोस का, प्लीज?"

"नाय. परत."

"यज्ञेश, तुला चालणार असेल तर..."

"त्याला काय इचारतीस? परत!"

विनिता पायावर पाय टाकून, मिशीला पीळ देत बसली होती, त्यामुळं दोनदा हसण्यातच गेलं. एकदा माझा आवाज फुटला. नवव्या वेळी वाक्य नीट आलं. "यज्ञेश, ऊठ. ती माझी जागा आहे." गिरणीतल्या बायका दारात येऊन बघत होत्या, त्यांनी टाळ्या वाजवल्या. चहा गार झाला होता. तो मी उठून सगळ्यांना दिला आणि माझ्या जागेवर येऊन बसले.

गुरुवारी यज्ञेश माझ्या खुर्चीवर बसलेलाच होता. नाना त्याच्या उजव्या हाताला. चहा आला. मी पहिला कप नानांना दिला, मग बाकीच्यांना, ट्रे खाली ठेवला आणि टेबलाच्या टोकाशी गेले.

"यज्ञेश, ऊठ. ती माझी जागा आहे."

"हो ताई," म्हणून तो इतक्या पटकन उठला की मलाच कसंसं झालं. "मला वाटलं, तुलाच नकोय."

नानांनी कप खाली ठेवला. "पाकीट आणणार होतीस ना?"

"आणलंय. देणार नाही. नाना, मशीन तुम्ही मला पुढं उभं राहून चालवायला शिकवलंत. मागून चालवता येत नाही मला."

नाना यज्ञेशकडं वळून म्हणाले, "पुण्याच्या लोकांना परत बोलव. साहेब कोण ते त्यांना नीट कळू दे. या खेपेला चहा मी देईन." नानांनी उभ्या जन्मात स्वतःचा कप उचलून मोरीत ठेवलेला नाही. मी खाली मान घालून कागद चाळत राहिले, कारण डोळे भरले होते आणि ते कुणाला दाखवायचे नव्हते.

संध्याकाळी घरी आल्यावर पाकीट फाडायला पर्स उघडली, तर त्याच्याबरोबर विनिताची चिठ्ठी हाताला लागली. मंगळवारी मी ती मागून वाचलीच नव्हती. पेन्सिलीनं, तिच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'दिवाळीपासून हॉटेल भाऊजी बघणार म्हणतात. किल्ल्या मागितल्यात.'

मी पलंगावर बसलेच. माझंच दुखणं, आणि तिच्या पाठीशी नानाही नाहीत. तरी "मला नड नाही" म्हणाली, माझ्यासाठी मिशीला पीळ दिला आणि घाट चढून घरी गेली. इतकी लाज मला त्या पुण्याच्या पत्रानंही वाटली नव्हती. मी सुंदराला फोन लावला. पुढची भिशी महिन्यानं होती आणि दिवाळी दहा दिवसांवर.

शुक्रवारी सकाळीच आम्ही निघालो. दस्तुरीच्या पुढं माथेरानात गाड्यांना बंदी, म्हणून तिथंच गाडी ठेवली आणि लाल मातीच्या वाटेनं चालत हॉटेल गाठलं. सुंदराच्या काखेत पोह्यांचा डबा होता. विनिता काउंटरमागं उभी होती, किल्ल्यांचा जुडगा कमरेला. आम्हाला बघून ती गोंधळली.

"आज कसली भिशी? शुक्रवार आहे."

"नड वार बघून येत नाय," सुंदरा म्हणाली.

मी डबा उघडून तिच्यासमोर धरला. आत एकच चिठ्ठी उरलेली, माझ्या नावाची. "ही माझी आहे," मी म्हणाले. "ती मी तुला दिली."

विनितानं चिठ्ठी उचलली नाही. माझ्या हातातला तिचा पेन्सिलीनं लिहिलेला कागद तिला दिसला होता. तिनं काउंटरवर कपाळ टेकलं. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले, आणि मला त्या वेळी ती सख्ख्या बहिणीपेक्षा जवळची वाटली.

मग आम्ही चादरी ठेवायच्या खोलीत गेलो. सुंदरानं दार लावलं, एक खुर्ची मधोमध ठेवली आणि गुडघे फाकवून तिच्यावर बसली. "मी तुजा दीर. मागतोय किल्ल्या. दे बगू."

विनितानं पदर खोचला. ती बारीक आवाजात म्हणाली, "भाऊजी, तुम्हाला वाईट वाटणार नसेल तर..."

"परत," मी म्हणाले. "मला नऊ वेळा म्हणावं लागलं होतं."