कौतिकचा राजीनामा

“लिव्हा बाबूजी, आजच लिव्हा. उद्या मन बदलीन माह्यं,” कौतिक म्हणाला.

नगरपालिकेत कारकून असल्यामुळे सगळ्यांचे अर्ज माझ्याच गळ्यात. बुऱ्हाणपुराला पाणी देणाऱ्या जुन्या भुयारी वाटेच्या कुंड्या, म्हणजे तिच्यावरची विहिरीसारखी तोंडं, कौतिक साफ ठेवायचा. पगार पंचेचाळीस. मिलवाले नव्वद द्यायला तयार होते, वर नळ असलेली खोली. त्याची बायको रंभाबाई चौकातून हंडे वाहून थकली होती. “गावाले पानी पाजता, अन् घरात थेंब नाही,” असं ती म्हणायची. तिला खोटं कोण ठरवणार? आज नवरा मागे फिरू नये म्हणून ती कचेरीच्या पायरीवर पहारा देत बसली होती.

पगारवाढीचा अर्ज मी दोनदा केला होता. पहिला नागपूरला पोचला आणि तेवढ्यात राज्याची राजधानीच भोपाळला गेली. दुसरा वाचून तपासणीला आलेले साहेब म्हणाले, “सरकारी माणसाला पगार कमीच बरा. नोकरी पक्की आहे ना?” पक्की नोकरी भाकरीबरोबर खाता येत नाही, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण माझीही नोकरी पक्कीच होती.

राजीनामा चार ओळींत झाला. कौतिकनं अंगठा उठवला.

“आता नव्या मानसासाठी लिव्हा. सकाळी पयल्या कुंडीत मूठभर भुसा टाकजो. चिलीम संपायच्या आत दुसरीत दिसला पायजे. नाही दिसला त मधी गाळ अटकला, दुपारपावतर सारे नळ कोरडे. पाचवीत डाव्या हाताचा दगड सैल हाय, पाय देजो नको. भिंतीवर साचलेला चुना हातानंच खरवडजो, पहार मारली त झरा रुसते…”

पान भरलं. मी दुसरं घेतलं.

रंभाबाई आत आली. “हे कागदावरून येईन का कोनाले?”

“मले बापानं सात वर्स शिकोलं,” कौतिक खाली मान घालून म्हणाला.

“अन् नवा मानूस कोन हाय, बाबूजी?”

“कोणी नाही, वहिनी. पंचेचाळीसात कोण येतंय?”

तिनं राजीनाम्याची घडी केली आणि कमरेला खोचली.

“सात वर्सांनी देऊ,” ती नवऱ्यावर खेकसली. “आधी कोनाले तरी शिकवा!”

मला तिच्या पाया पडावंसं वाटलं. मी नुसता चष्मा पुसत बसलो.

संध्याकाळी घरी जाताना ती चौकात रांगेत दिसली. तिच्यापुढे अकरा हंडे होते. नळाला धार मात्र चांगली होती.